संकराची दुसरी बाजू

‘संकर’ हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण भारतातील शेतकऱ्यांच्या हाती आले. संकरित बाजरी, मका आणि कापूस यांनीही शेतीचे रूप पालटले. दोन भिन्न वाणांच्या संयोगातून जन्मलेले रोप पुष्कळदा आपल्या दोन्ही जनकांपेक्षा जोमाने वाढते, लवकर फळते आणि अधिक पीक देते. या वाढीव जोमाला शास्त्रज्ञ ‘संकरज ओज’ असे म्हणतात. घोडी आणि गाढव यांच्यापासून झालेले खेचरही असेच काटक आणि कष्टाळू असते. संकर म्हटले की बळ, उत्पन्न आणि लाभ याच गोष्टी माणसाच्या मनात येतात, त्या यामुळेच.

परंतु निसर्गाचे नियम माणसाच्या लाभासाठी केलेले नाहीत. जो जोम कणसात येतो, तोच रोग निर्माण करणाऱ्या जिवातही येऊ शकतो. दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच पोसल्या जाणाऱ्या जिवाला ‘परजीवी’ म्हणतात आणि ज्याच्यावर तो पोसला जातो, त्या प्राण्याला ‘पोशिंदा’. दोन निरनिराळ्या जातींच्या परजीवींचा संकर झाला, तर त्यांची संतती दुबळी निघेल की अधिक बलवान? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले गेले. त्या उत्तराचा संबंध कोट्यवधी माणसांच्या आरोग्याशी आहे.

हा शोध ज्या परजीवीच्या बाबतीत विशेष बारकाईने घेतला गेला, त्याचे नाव ‘शिस्टोसोमा’. हा एक ते दोन सेंटीमीटर लांबीचा, दोऱ्यासारखा बारीक कृमी माणसाच्या आणि जनावरांच्या शिरांमध्ये, वाहत्या रक्तात राहतो. १८५१ साली थिओडोर बिलहार्झ या जर्मन वैद्याने कैरो येथे तो प्रथम ओळखला, म्हणून या रोगाला ‘बिलहार्झिया’ असेही नाव पडले. रोग मात्र फार जुना आहे. इजिप्तमधील तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी सापडली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ साली जगातील २५ कोटींहून अधिक लोकांना या रोगावरील प्रतिबंधक उपचारांची गरज होती. त्यांतील बहुसंख्य लोक आफ्रिका खंडातील आहेत.

या कृमीचे जीवनचक्र दोन पोशिंद्यांत विभागलेले असते. रुग्णाच्या मूत्रातून किंवा विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती नदी, तळे किंवा कालवा यांच्या गोड्या पाण्यात पोहोचली की फुटतात आणि त्यांतून डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म डिंभ, म्हणजे कृमीचे बालरूप, बाहेर येतो. सुमारे एका दिवसाच्या आत त्याला योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही, तर तो मरतो. गोगलगाय सापडली, तर तो तिच्या शरीरात शिरतो आणि तेथे काही आठवड्यांत त्या एकाच डिंभापासून हजारो नवे डिंभ तयार होतात. दुभंगलेल्या शेपटीचे हे नवे डिंभ पुन्हा पाण्यात उतरतात. त्या पाण्यात कोणी आंघोळ केली, कपडे धुतले किंवा मासे पकडले, तर ते काही मिनिटांतच कातडीतून आत शिरतात. पुढे रक्तवाहिन्यांतून प्रवास करीत ते यकृतात पोहोचतात, तेथे वाढतात, नर आणि मादी यांची जोडी जमते आणि मादी अंडी घालू लागते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या रोगात खरी हानी कृमीपेक्षा त्याच्या अंड्यांमुळे होते. घातलेल्या अंड्यांपैकी पुष्कळशी शरीराबाहेर पडत नाहीत. ती मूत्राशयाच्या, आतड्याच्या किंवा यकृताच्या पेशीजालांत अडकून राहतात आणि तेथे दाह निर्माण करतात. लघवीतून रक्त जाणे, रक्तक्षय, मुलांची वाढ खुंटणे, स्त्रियांच्या जननेंद्रियांना इजा होणे आणि दीर्घकाळाने मूत्राशयाचा कर्करोग होणे, हे सारे या अडकलेल्या अंड्यांचे परिणाम आहेत. म्हणून ‘एक मादी किती अंडी घालते?’ हा प्रयोगशाळेतील साधा वाटणारा प्रश्न वस्तुतः ‘रोग किती उग्र होईल?’ असाच प्रश्न असतो.

शिस्टोसोमाच्या अनेक जाती आहेत. त्यांतील ‘शिस्टोसोमा हिमॅटोबियम’ ही जाती प्रामुख्याने माणसाच्या मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहते. तिचीच जवळची नातेवाईक असलेली ‘शिस्टोसोमा बोव्हिस’ ही गुरे, शेळ्या आणि मेंढ्या यांच्या आतड्याभोवतीच्या शिरांत राहते. दक्षिण आफ्रिकेकडील ‘शिस्टोसोमा मॅथीई’ हीदेखील जनावरांचीच जाती. पुस्तकात अशी विभागणी सुबक दिसते. माणसाचा कृमी वेगळा, जनावराचा कृमी वेगळा आणि दोघांमध्ये जणू एक भिंत. प्रत्यक्षात मात्र माणसे आणि गुरे एकाच पाणवठ्यावर येतात आणि दोन्ही जातींचे डिंभ एकाच पाण्यात पोहत असतात. एकाच शरीरात दोन्ही जाती शिरल्या आणि एका जातीच्या नराची दुसऱ्या जातीच्या मादीशी जोडी जमली, तर काय होते?

याचे उत्तर केवळ रुग्णांची तपासणी करून मिळण्यासारखे नव्हते. रुग्णाच्या शरीरात कोणते कृमी केव्हा शिरले, किती शिरले आणि त्यांचे जनक कोण, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्यासाठी संकर आपल्या देखरेखीखाली घडवून आणावा लागतो. या कामी शास्त्रज्ञांना कृमीच्या जीवनचक्रातील एका वैशिष्ट्याचा मोठा उपयोग झाला. एका गोगलगायीत एकच डिंभ सोडला, तर तिच्यातून बाहेर पडणारे हजारो डिंभ एकाच अंड्याची संतती असल्यामुळे सर्वच्या सर्व नर असतात किंवा सर्वच्या सर्व मादी असतात. म्हणजे एका काचपात्रात हिमॅटोबियमचे केवळ नर आणि दुसऱ्या काचपात्रात बोव्हिसच्या केवळ मादी, असे वेगवेगळे डिंभ मिळवता येतात. हे दोन्ही प्रकारचे डिंभ हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या शरीरात सोडले की तेथे जमणारी प्रत्येक जोडी ही मिश्र जोडीच असणार, याविषयी शंका उरत नाही. नर आणि मादी यांच्या जातींची अदलाबदल करून उलट दिशेचा संकरही त्याच पद्धतीने घडवता येतो.

अशा जोडीच्या अंड्यांतून जी संतती निपजते, ती संकराची पहिली पिढी होय. तिची तुलना जनक जातींशी करायची, तर तिघांनाही समान परिस्थिती द्यावी लागते. हॅमस्टरचे सारखे गट करायचे. एका गटाला पहिल्या जनक जातीचे, दुसऱ्या गटाला दुसऱ्या जनक जातीचे आणि तिसऱ्या गटाला संकरित डिंभ, तेही मोजून सारख्याच संख्येने द्यायचे. ठरावीक आठवड्यांनंतर काही प्रश्न विचारायचे. सोडलेल्या डिंभांपैकी किती जगून प्रौढ झाले? ते किती लांब वाढले? मादी अंडी घालण्यास केव्हा समर्थ झाली? तिने किती अंडी घातली आणि त्यांतील किती उबली? शिवाय, त्यांतून निघालेले डिंभ कोणकोणत्या गोगलगायींत वाढू शकतात? एकाच मापाने तिघांना मोजल्यामुळे मिळालेला फरक हा योगायोगाचा नसून वंशाचा आहे, असे म्हणता येते.

१९७० च्या दशकात लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातील राइट आणि साउथगेट या शास्त्रज्ञांनी अशा संकरांचा पद्धतशीर अभ्यास केला. हिमॅटोबियम आणि मॅथीई यांच्या संकराचे निष्कर्ष विशेष लक्षवेधी ठरले. त्यांची संकरित संतती हॅमस्टरच्या शरीरात अधिक सहजतेने रुजली, अधिक वेगाने वाढली आणि तिने जनक जातींपेक्षा अधिक अंडी घातली. शेतातील संकरित रोपात दिसणारे ओज येथे रक्तात राहणाऱ्या कृमीत प्रकट झाले होते. खेचर सामान्यतः वांझ असते, त्यामुळे त्याचा जोम त्याच्याबरोबरच संपतो. हे संकरित कृमी मात्र प्रजननक्षम होते. त्यांची पुढची पिढी निघू शकत होती आणि जनक जातींशी त्यांचा पुन्हा संयोगही होऊ शकत होता. याचा अर्थ असा की एका जातीचे गुण दुसऱ्या जातीत कायमचे मिसळण्याचा मार्ग खुला होता.

तथापि, प्रत्येक संकर बलवान असतो असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. हिमॅटोबियम आणि आतड्याचा रोग निर्माण करणारी ‘शिस्टोसोमा मॅन्सोनी’ या दूरच्या नात्याच्या जाती आहेत. त्यांची जोडी जमते, परंतु त्यांची अंडी बहुधा निष्फळ ठरतात. जवळच्या जातींतही नर कोणत्या जातीचा आणि मादी कोणत्या जातीची, यावर संततीचे बळ अवलंबून असू शकते. कधी एका दिशेचा संकर टिकतो आणि उलट दिशेचा पुढच्या पिढ्यांत क्षीण होत जातो. शिवाय हॅमस्टर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगशाळेत अन्नपाणी, तापमान आणि डिंभांची संख्या हे सारे ठरवून दिलेले असते. उघड्या निसर्गात पाऊस असतो, दुष्काळ असतो आणि पोशिंद्याच्या शरीराने पूर्वीच्या संसर्गातून मिळवलेली प्रतिकारशक्तीही असते. प्रयोगशाळा ‘काय घडू शकते’ हे सांगते. ‘काय घडले आहे’ हे पाहण्यासाठी नदीकाठीच जावे लागते.

असा एक नदीकाठ मध्य आफ्रिकेच्या कॅमेरून देशात होता. तेथील लूम या गावी १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आतड्याच्या शिरांत राहणारी शिस्टोसोमाची एक जाती आढळत असे. ती ज्या गोगलगायीत वाढते, ती गोगलगाय सावलीच्या वनातील पाण्यात राहणारी. जंगल तुटले, पाणी उघडे पडले आणि तेथे दुसरी गोगलगाय आली. तिच्या मागोमाग हिमॅटोबियमही आला. दोन जाती एकाच गावात, एकाच माणसांच्या शरीरांत भेटल्या आणि त्यांचा संकर झाला. जनकांपैकी प्रत्येकाला आपापली गोगलगाय लागत असे. संकरित संतती मात्र दोन्ही गोगलगायींत वाढू शकत होती. प्रयोगशाळेतही हाच गुण दिसून आला. पुढील तीन दशकांत मूळ जाती त्या गावातून नाहीशी झाली आणि हिमॅटोबियमने तिची जागा घेतली. म्हणजे संकर ही केवळ काचपात्रातील नवलाई नव्हती, तर रोगाचे रूप पालटणारी घटना होती.

सेनेगल नदीच्या खोऱ्यात हाच प्रश्न आणखी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १९८० च्या दशकात तेथे डायमा आणि मनान्ताली ही धरणे बांधली गेली. समुद्राचे खारे पाणी नदीत वर चढणे थांबले, कालव्यांनी बारमाही पाणी आले, भात आणि ऊस पिकू लागला. त्याच गोड्या आणि संथ पाण्यात गोगलगायीही वाढल्या. माणसे आणि गुरे यांचे पाणवठे एक झाले. पुढे तेथील मुलांच्या मूत्रात आणि विष्ठेत सापडलेल्या डिंभांची आनुवंशिक तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांत हिमॅटोबियम आणि बोव्हिस या दोन्ही जातींचा वंशांश आढळला.

आफ्रिकेच्या खेड्यांतला हा प्रश्न तेथेच राहील, असे पुष्कळांना वाटत होते. २०१३ साली तो समज खोटा ठरला. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील काव्हू नदी ही पोहण्यासाठी प्रसिद्ध आहे. आफ्रिकेत कधीही न गेलेल्या, केवळ त्या नदीत पोहलेल्या माणसांना लघवीतून रक्त जाऊ लागले आणि तपासात शिस्टोसोमाची अंडी सापडली. बाधितांची संख्या शंभराहून अधिक भरली. आनुवंशिक अभ्यासातून असे निष्पन्न झाले की हा कृमी हिमॅटोबियम आणि बोव्हिस यांचा संकर असून त्याचे मूळ सेनेगलकडचे असावे. त्याला आश्रय देणारी ‘बुलिनस’ गोगलगाय भूमध्य समुद्राच्या परिसरात आधीपासूनच होती. पाहुणा येण्याचाच काय तो अवकाश होता.

कॉर्सिकाच्या घटनेनंतर संशोधनाला वेग आला. फ्रान्समधील प्रयोगशाळांत हिमॅटोबियम आणि बोव्हिस यांचे नर आणि मादी एकत्र सोडून पाहण्यात आले, तेव्हा आपल्याच जातीचा जोडीदार निवडण्याचा ठळक कल त्यांच्यात दिसला नाही. म्हणजे दोन जातींमध्ये जी भिंत आहे असे मानले जात होते, ती जोडी जमण्याच्या टप्प्यावर तरी उभीच नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. पश्चिम आफ्रिकेतील हिमॅटोबियममध्ये बोव्हिसकडून आलेले एक जनुक मोठ्या प्रमाणावर पसरलेले आहे आणि हा संकर काल-परवाचा नसून शेकडो पिढ्यांपूर्वीचा आहे. ते जनुक ज्या प्रथिनाचा आराखडा बाळगते, ते पेशीजालांत शिरकाव करण्याशी निगडित असावे, असे मानले जाते. जनावराच्या कृमीकडून उसने घेतलेले हत्यार माणसाच्या कृमीने आपलेसे केले, ते असे.

या साऱ्याचा व्यवहारात काय उपयोग? या रोगावर ‘प्राझिक्वान्टेल’ हे एक परिणामकारक औषध आहे. ते स्वस्त आहे आणि शाळकरी मुलांना सामूहिक रीतीने देता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० सालापर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु हे औषध प्रौढ कृमी मारते, पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही. बरे झालेले मूल त्याच पाण्यात उतरले, तर त्याला रोग पुन्हा जडतो. त्यात गुरांच्या कृमीचा वंश माणसाच्या कृमीत मिसळत असेल, तर केवळ माणसांना औषध देऊन काम पुरे होईल काय, हा प्रश्न उरतोच. सेनेगलमधील पाहणीत हिमॅटोबियम आणि बोव्हिस यांचे संकर माणसांत आढळले, गुरांत मात्र आढळले नाहीत. त्यामुळे गुरे या संकराचा साठा सांभाळतात असे सरसकट म्हणता येत नाही. तरीही माणसांचा डॉक्टर, जनावरांचा डॉक्टर आणि पाण्यातील गोगलगायींचा अभ्यासक यांनी एकत्र बसूनच उपाय आखला पाहिजे, हे आता सर्वमान्य होत आहे.

भारताशी या विषयाचा संबंध थोडा, पण अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे माणसांत हा रोग सर्रास आढळत नाही. तथापि, १९५२ साली महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्राशयाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण आढळल्याचे गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी प्रसिद्ध केले. तेथे ‘फेरिसिया’ नावाची वेगळीच लहानशी गोगलगाय त्याला आश्रय देत असल्याचे आढळले. पुढे तो प्रादुर्भाव ओसरला. भारतातील गुरांत मात्र शिस्टोसोमाच्या अनेक जाती आजही आहेत. त्यांतील एका जातीमुळे गुरांच्या नाकात गाठी येऊन ती घोरल्यासारखा श्वास घेतात. या जातींचे डिंभ साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्या माणसाच्या कातडीतही शिरतात. तेथे ते मरून जातात आणि केवळ खाज उठते. गिमवीची आठवण आणि ही खाज एकच गोष्ट सांगतात. माणूस आणि जनावर यांच्या रोगांतील सीमा कागदावर जितकी ठळक असते, तितकी ती पाण्यात नसते.

संकराने शेतकऱ्याच्या कोठारात धान्य भरले, ही त्याची एक बाजू. रोगाच्या जिवालाही त्याच संकरातून बळ मिळू शकते, ही दुसरी. पहिल्या बाजूचा लाभ घेणाऱ्या समाजाने दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. आणि या ज्ञानाचा उपयोग शेवटी अगदी साध्या गोष्टींपाशीच येऊन थांबतो. घरोघरी शौचालय असावे, मलमूत्र पाणवठ्यात जाऊ नये, कपडे धुण्यासाठी आणि आंघोळीसाठी सुरक्षित पाणी मिळावे, गुरांसाठी पाण्याची वेगळी सोय असावी. अंडे पाण्यापर्यंत पोहोचलेच नाही, तर ते शुद्ध जातीचे आहे की संकरित, हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून जे अंडे मोजतो, त्याचा मार्ग गावाच्या नदीकाठीच अडवावा लागतो.